पाऊस कुणाच्या मापाने?

(परळ, मुंबई येथे विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या जिल्हा प्रतिनिधींच्या बैठकीत केलेले भाषण)



काल संध्याकाळी कुणी सेवाग्राममध्ये बसलात, कुणी देवगिरीत, आणि आज सकाळी दादरला उतरलात. तिथून पायीच इथे परळला आलात. येताना काचेच्या उंच उंच इमारती पाहिल्या असतील. मधूनच एखादी जुनी विटांची चिमणीही दिसली असेल. हे गिरणगाव. परळ, लालबागच्या या गिरण्यांत तुमच्या-आमच्या बापजाद्यांनी वेचलेला कापूस येत होता. जानेवारी १९८२ मध्ये इथे संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक करून गिरण्या संपल्या. आता कापूस इथे येत नाही, आपण येतो. या वेळी तर कापसाच्या भावासाठीही आलो नाही. आलो आहोत पावसाच्या एका आकड्यासाठी.

दुपारी आपले सहा जण एका कार्यालयात जाऊन आले. कोणते कार्यालय ते सांगत नाही, कारण असे बोलणे कुठेही ऐकायला मिळते. साहेब चांगला माणूस होता. बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला, संगणक उघडून नकाशा दाखवला. नकाशावर निळे, हिरवे, पिवळे चौकोन. एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "तुमच्या मंडळात त्या दिवशी ५८ मिलिमीटर पाऊस आहे. नियम ६५ चा आहे." आपल्या भावाने मोबाईलवरचे फोटो पुढे केले. धुरा फुटलेला, ज्वारी आडवी पडलेली, पऱ्हाटी बोंडांपर्यंत पाण्यात. साहेबाने फोटो नीट पाहिले. मग म्हणाला, "फोटोत मिलिमीटर दिसत नाहीत हो."

आम्हाला त्याचा राग आला नाही. राग आला तो आमचाच. शेतकीची पदवी घेऊन वीस वर्षे झाली, आणि त्या क्षणी पहिला प्रश्न विचारायला हवा होता तो आम्ही जिना उतरताना आठवला. परत वर गेलो आणि विचारले, साहेब, हा ५८ चा आकडा मोजलेला आहे की काढलेला? साहेबाने शोधाशोध केली. मंडळातले यंत्र त्या आठवड्यात बंद होते. आकडा आजूबाजूच्या नोंदींवरून संगणकाने भरला होता.

मोजलेला आणि काढलेला, या दोन शब्दांतच आजचे सगळे बोलणे आहे. ते समजायला आपल्याला विदर्भात जायची गरज नाही. मुंबईतच त्याचा सगळ्यात मोठा दाखला आहे.

दिवस २६ जुलै २००५. मुंबईत हवामान खात्याच्या दोन वेधशाळा आहेत. एक दक्षिणेला कुलाब्याला. ती ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली, आणि १८४१ पासून तिथे हवामानाची पद्धतशीर नोंद सुरू झाली. दुसरी उत्तरेला सांताक्रूझला, विमानतळाजवळ. सरळ रेषेत दोन्हींमध्ये अंतर सुमारे २४ किलोमीटर. आपण आत्ता बसलो आहोत ते परळ जवळजवळ त्यांच्या मध्यावर आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला पाऊस पडला ९४४.२ मिलिमीटर. सोलापूरकडच्या भावांनो, तुमच्या दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. आणि कुलाब्याला? ७३.४ मिलिमीटर. गिरगावातली माणसे संध्याकाळी नेहमीसारखी घरी बसली होती, आणि उपनगरात माणसे बसच्या टपावर, गाड्यांच्या आत, मिठी नदीच्या पाण्यात मरत होती. गिरगावकरांना बराच वेळ पत्ताच नव्हता.

आता या दोन आकड्यांची सरासरी काढा. ५०८.८ मिलिमीटर येते. परळच्या पावसाचा आकडा फक्त या दोन वेधशाळांवरून काढायचा म्हटले, तर संगणक पाचशेच्या आसपास काहीतरी सांगेल. पण हा पाऊस कुलाब्यावर पडला नाही, सांताक्रूझवर पडला नाही. तो फक्त कागदावर पडला.

हे एकदाच घडले म्हणाल, तर उलटही घडले आहे. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर आणि सांताक्रूझला १६२.३. त्या दिवशी पाणी गिरगावात, चर्चगेटला, मरीन ड्राइव्हला होते. जिथे एरवी कधी तुंबत नाही तिथे. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, झाडे मोडली. वादळ नव्हते, मोसमी वाराच होता तो.

इथे एक जाता जाता सांगतो. या परळ-दादरच्या हद्दीवर हिंदमाता म्हणून चौक आहे. टीव्हीवर दर पावसाळ्यात तिथले पाणी दाखवतात. बघणाऱ्याला वाटते, मुंबईत पाऊस पडतो तो हिंदमातालाच. तसे नाही. ती जागा बशीसारखी खोलगट आहे, चारी बाजूंचे पाणी तिथे उतरते. महापालिकेने त्यासाठी आसपासच्या मैदानांखाली पाण्याच्या मोठाल्या टाक्या बांधल्या. सांगायचे हे की पाणी कुठे साचले यावरून पाऊस कुठे पडला हे कळत नाही. आपणही पंचनाम्यात हीच चूक करतो. नाल्याकाठचे शेत दाखवून म्हणतो बघा किती पाऊस झाला. समोरचा म्हणतो, नाल्याला पूर वरच्या गावच्या पावसाचा आला. तो खोटे बोलत नसतो.

आता हे चौकोन येतात कुठून ते पाहू. शास्त्रज्ञ ज्याला डेटासेट म्हणतात, म्हणजे पावसावाऱ्याच्या आकड्यांचा संच, ते ढोबळ मानाने तीन जातींचे आहेत.

पहिली जात पर्जन्यमापकांवरून केलेली. आपल्या हवामान खात्याचा देशाचा असा संच १९०१ पासूनचा आहे. त्यात देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या. त्यातल्या खात्याच्या स्वतःच्या वेधशाळा ५४७, बाकीची बहुतेक ठिकाणे राज्य सरकारांची. तुमच्या तहसीलच्या आवारात तारेच्या कुंपणात जे मापक उभे असते, ते या घराण्यातले. सगळे मापक सगळी वर्षे चालू नव्हते, हेही लक्षात ठेवा. देशाचे पाव अंशाचे, म्हणजे साधारण २७ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला जवळपासच्या मापकांवरून आकडा दिला. जवळच्या मापकाला वजन जास्त, लांबच्याला कमी. चौकोनात एकही मापक नसला तरी आकडा येतोच. आणि कुलाबा-सांताक्रूझचे अंतर २४ किलोमीटर! रेघ कुठे पडते त्यावर आहे, पण दोन्ही एकाच चौकोनात सहज मावतात.

जिनिंगवर व्यापारी काय करतो ते आठवा. गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो आणि सगळ्या गाडीची प्रत ठरवतो. एक गाडी असेल तर चालून जाते. पण शंभर गाड्यांची रांग आहे आणि त्याने फक्त पहिल्या आणि शेवटच्या गाडीत हात घातला, मधल्या अठ्ठ्याण्णव गाड्यांची प्रत अंदाजाने लिहिली, तर तुम्ही काट्यावर बसू द्याल का त्याला?

दुसरी जात उपग्रहाची. अमेरिका आणि जपानचा एक उपग्रह १९९७ साली खास उष्ण कटिबंधातला पाऊस पाहायला गेला. २०१४ पासून त्याच्या पुढचा आहे. उपग्रहाचे नजरेत भरणारे काम म्हणजे जिथे माणूस नाही, मापक नाही, त्या समुद्रावरचाही पाऊस दिसतो. पण तो वरून बघतो. सह्याद्रीवर पाऊस पाडणारे ढग पुष्कळदा बुटके असतात, त्यांचे माथे फार थंड नसतात. उपग्रहाला तो पाऊस खराखुरा आहे त्यापेक्षा कमी वाटतो. उलट आपल्या कोरड्या पट्ट्यात ढगातून थेंब निघतात आणि खालच्या गरम हवेत वाटेतच विरतात. ते मात्र पाऊस म्हणून मोजले जाऊ शकतात. आभाळाकडे बघत धुऱ्यावर उभे राहिलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला नको.

तिसरी जात सगळ्यात नवी आणि सगळ्यात फसवी. फसवी म्हणजे लबाड नव्हे, दिसायला फार देखणी. तिला पुनर्विश्लेषण म्हणतात. जगभरच्या नोंदी घ्यायच्या, हवेचा दाब, वारा, तापमान, दमटपणा, फुग्यांच्या, जहाजांच्या, विमानांच्या, उपग्रहांच्या. त्या सगळ्या संगणकाच्या गणितात बसवायच्या आणि मागच्या प्रत्येक तासाला पृथ्वीवर हवा कशी होती ते पुन्हा मांडायचे. युरोपातल्या केंद्राचा 'एरा-५' नावाचा असा संच १९४० पासूनचा आहे. त्याचा चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा. आपल्याकडे नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्राने ब्रिटनच्या हवामान खात्याबरोबर खास भारतीय मोसमी पावसासाठी १२ किलोमीटरच्या चौकोनाचा संच केला. तो १९७९ पासूनचा. काम मोठे आहे, त्याबद्दल शंका नाही. पण एक गोष्ट नीट ऐका. या संचांत वारा आणि दाब मोजलेल्या नोंदींनी बांधलेला असतो. पाऊस तसा नसतो. आपल्या तहसीलच्या मापकातला आकडा त्या गणितात सहसा घातलेलाच नसतो. वारा असा होता, दमटपणा इतका होता, तर इतका पाऊस पडला असावा, असे गणित सांगते.

म्हणून या संचांवर एका सुरात निकाल देता येत नाही. वाऱ्याच्या बाबतीत ते चांगले आहेत, चांगले म्हणजे खरोखरच चांगले. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, केनिया-सोमालियाच्या बाजूने, विषुववृत्त ओलांडून वाऱ्याचा एक जोरदार पट्टा अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्यावर येतो. जमिनीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सगळ्यात जास्त. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपला पाऊस तोच वाहून आणतो. हा पट्टा शेकडो किलोमीटर रुंद आहे. शेकडो किलोमीटरची गोष्ट तीस किलोमीटरच्या चौकोनात पकडायला अडचण येत नाही. समुद्रावरचा वारा तर उपग्रहावरून रडारने मोजतात. पाण्यावर ज्या बारीक सुरकुत्या उठतात त्यांवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा कळते. इस्रोचा ओशनसॅट-२ त्यासाठी २००९ साली गेला. म्हणून वारा कधी जोर धरणार, कधी ढिला पडणार, पावसाचा आस हिमालयाकडे सरकून मध्य भारतात उघडीप कधी पडणार, हे हे संच नीट दाखवतात. मात्र कुलाब्याला ५ ऑगस्टला आला तसा एखादा झोत त्यांच्या चौकोनात विरघळून जातो.

देशाचा हंगामाचा एकूण पाऊसही ते बरा पकडतात. जून ते सप्टेंबर देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. त्यात तूट आहे की वाढ, याबद्दल सहसा मोठे दुमत होत नाही. २०२३ चा ऑगस्ट १९०१ नंतरचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट. ते कळायला नकाशा पुरे होता. आपले काही भाऊ म्हणतात वेधशाळेचे सगळे थापा असते. आम्हाला हे बोलणे आवडत नाही. जे चांगले आहे त्याला चांगले म्हटले नाही, तर जिथे चुकते आहे तिथे आपले कोण ऐकणार?

चुकते ते डोंगरात, आणि डोंगराच्या मागे, म्हणजे आपल्याकडे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि घाट उतरून तासाभरात वाईला यावे तर तिथे हजाराच्याही आत. संगणकाच्या ३० किलोमीटरच्या चौकोनात सह्याद्रीचा उभा कडा निवांत चढणीसारखा होतो. मग माथ्यावरचा पाऊस कमी होतो आणि त्यातला थोडा मागच्या कोरड्या तालुक्यांच्या नावावर चढतो. नकाशा हिरवा दिसतो आणि शिवारात भेगा असतात.

आणि चुकते ते दिवसाच्या आकड्यात. हे जरा सावकाश सांगतो, कारण आपले पैसे इथेच अडकले आहेत. एका चौकोनात चार गावे धरा. पहिल्या गावात ८० मिलिमीटर कोसळला, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात १०, चौथ्यात शून्य. सरासरी ३०. पहिल्या गावाची माती वाहून गेली, पण चौकोनात अतिवृष्टी झालीच नाही. आता उलटे घ्या. अठरा दिवस पाऊस नाही, पऱ्हाटीची पाती गळत आहेत. एकोणिसाव्या दिवशी एका गावात १२ मिलिमीटरची सर आली, बाकी तीन कोरडी. सरासरी ३. हवामान खात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो पावसाचा दिवस. झाले, चौकोनाचा खंड तुटला. ज्या तीन गावांत थेंब नाही त्यांचाही तुटला. सरासरीने मोठा पाऊस लहान होतो आणि कोरडा दिवस ओला होतो. दोन्हीकडून मार आपल्यालाच. गणिताने पाडलेल्या पावसात हा दोष आणखी वाढतो, त्याला रोज थोडे थोडे शिंपडायची खोड आहे.

म्हातारी माणसे सांगत, बैलाचे एक शिंग ओले होते आणि दुसरे कोरडे राहते. कॉलेजात असताना आम्ही त्याला हसलो होतो.

हसण्याची किंमतही दिली. नोकरी सोडून गावोगाव फिरायला लागलो त्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. पेरणीला शंभर मिलिमीटर ओल हवी हे आपण सांगतोच. तालुक्याचा आकडा शंभराच्या वर गेला म्हणून आम्ही एका गावच्या सभेत सांगितले, पेरा. तालुक्याचा आकडा खरा होता. पण तो ज्या मापकाचा होता ते गावापासून वीस किलोमीटरवर, आणि गावात पडला होता जेमतेम त्याच्या निम्मा. दुबार पेरणी झाली. बियाण्याची थैली दुसऱ्यांदा उधारीवर घेणाऱ्यांत आमच्या मामाचे घर होते. मामा काही बोलले नाहीत, मामीने मात्र चहा देताना विचारले, "बाळा, तुझा पाऊस कुठं पडला रं?" तेव्हापासून आम्ही सरासरीवर सल्ला देत नाही.

२०२५ साली तसेच सगळ्या राज्यावर आले होते. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला असे हवामान खात्याने जाहीर केले. एरवीची तारीख ११ जून. कुलाब्याने मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालापासूनचा विक्रम मोडला. टीव्हीवर गिरगाव, परळ, हिंदमाता दिवसभर. आणि तीन दिवसांत पावसाचे पुढचे पाऊल थांबले, ते जूनच्या मध्यापर्यंत. वाऱ्याचा जोर ओसरला होता, ते संचांत दिसत होते, कृषी खातेही घाई करू नका म्हणत होते. पण टीव्हीवरचे पाणी पाहून ज्याने तिफण बाहेर काढली त्याला वाऱ्याचा नकाशा कुणी दाखवला?

आता पैशाचे बोलू. अतिवृष्टीच्या सरकारी मदतीला महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अट. सततच्या पावसाला २०२३ च्या निर्णयाने सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटरची अट. त्याच वर्षी विम्याच्या आगाऊ रकमेसाठी २१ दिवसांच्या खंडाची मंडळे शोधली गेली. दुष्काळ ठरवायला २०१६ च्या नियमावलीत पहिली पायरी पावसाच्या तुटीची आणि खंडाची, पिकाची हिरवाई आणि ओल पुढची. २०२५ च्या खरिपापासून राज्याने विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर नेली. तेव्हा कुणी म्हणेल, आता पावसाच्या आकड्याचे काय काम? काम आहे. मदत अजून त्याच आकड्यावर ठरते. आणि आज एका दारातून गेलेला आकडा उद्या दुसऱ्या दारातून परत येतो, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे.

मंडळात यंत्रे बसली हे खरे. राज्यात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे आहेत, पूर्वी तालुक्याला एखादे मापक असे त्या मानाने ही मोठी सुधारणा. पण हिशेब करा. राज्याचे क्षेत्र तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर. म्हणजे सरासरी दीडशे चौरस किलोमीटरला एक केंद्र, ताटलीएवढ्या तोंडाचे. आणि मुंबईत? २००५ च्या जखमेनंतर महापालिकेने अग्निशमन केंद्रांवर, कचेऱ्यांवर स्वयंचलित केंद्रे बसवली, ती साठापर्यंत गेली. शहर साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सात-आठ चौरस किलोमीटरला एक. शिवाय कुलाब्याचे आणि वेरावलीचे अशी दोन डॉप्लर रडारे. मुंबईला मिळाले याचे वाईट वाटायचे कारण नाही, इथे माणसे मेली होती. पण मुंबईला एका वेधशाळेवरून दुसऱ्या वस्तीचा पाऊस सांगता येत नाही हे सरकारने मान्य केले. मग आमच्या दीडशे किलोमीटरला तो न्याय का नाही, हा प्रश्न उद्याच्या निवेदनात पहिला आहे. केंद्राने २०२३ साली 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक जाहीर केले. ते कुठे, किती बसले, चालू किती, याचा हिशेब आपण मागतो आहोत.

या शहराला पावसाच्या मापावर पैसा लावायची सवय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इथे पावसावर सट्टा चाले. छपरावरून पन्हाळीतून पाणी वाहिले की नाही यावर पैजा. १८९० साली मुंबई सरकारने कायदा करून तो बंद केला. त्या सटोडियांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. कोणत्या छपराची, कोणती पन्हाळ, हे पैज लागण्याआधी ठरलेले असे. आणि जून २०२५ मध्ये एनसीडीईएक्स या वायदे बाजाराने पावसावरच्या वायद्यांसाठी हवामान खात्याशी करार केला. तिथे पैसे लावणारा पहिल्यांदा विचारेल, कोणत्या केंद्राचा आकडा? आपण सातबारा गहाण टाकून बसलो आहोत आणि तेवढेही विचारत नाही.

तेव्हा यापुढे कुणी आकडा दाखवला की विचारायचे, हा मोजलेला की काढलेला. मोजलेला असेल तर केंद्र कुठे आहे आणि त्या दिवशी चालू होते का. काढलेला असेल तर कोणत्या मापकांवरून, ती किती लांब. आणि दिवस कोणता धरला. हे शेवटचे क्षुल्लक वाटेल, पण हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. २६ जुलैच्या दुपारी पडलेला पाऊस त्यांच्या वहीत २७ तारखेला दिसतो. काही उपग्रह-संचांचा दिवस पहाटे साडेपाचला बदलतो, कारण ते लंडनचे घड्याळ धरतात. रात्रभर पडलेला ९० चा पाऊस अशाने दोन तारखांत ४० आणि ५० असा फुटतो. मग ६५ कुठेच नाही. पंचनाम्यात तारीख लिहिताना हे भान ठेवा, पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा.

आणि प्रत्येक गावात आपले स्वतःचे मापक हवे. महागाचे नको. बाजारात साधा पर्जन्यमापक मिळतो. तोवर सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबा चालेल, वर-खाली तोंड सारखे असलेला. त्यात उभी पट्टी धरली की जितके मिलिमीटर पाणी तितके मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी. ६५ म्हणजे दोन लाख त्रेसष्ट हजार. डबा छपराखाली नको, झाडाजवळ नको. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची त्याच्या निदान दुप्पट लांब. जमिनीत पक्का रोवा, नाहीतर वाऱ्याने कलंडतो आणि गुरे पाणी पितात, हसू नका, आमच्याकडे झाले आहे. रोज सकाळी साडेआठला वाचायचे, वहीत लिहायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या, मोबाईलवर फोटो काढायचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे. कोरडी जागा सोडायची नाही, कारण खंड सिद्ध करायला शून्यच लागते.

हा आकडा सरकार लगेच मानेल असे आम्ही सांगत नाही. आपल्या वहीने मदत मंजूर होत नाही. पण मंडळाच्या दहा गावांच्या दहा वह्या एका दिवशी ७० ते ९० दाखवतात आणि संगणक ५८ म्हणतो, तेव्हा तलाठ्याला, मंडळ अधिकाऱ्याला चौकशी करावी लागते. आणखी एक. आपल्या डब्यात ४० आला तर ४० च लिहायचा. शेजारच्याला मदत मिळावी म्हणून एकदा जरी ६६ केला, तर सगळ्या वह्या रद्दी. दुपारी साहेबाने फोटो बाजूला सारला तसा तो वहीही सारेल, आणि त्या वेळी त्याचे बरोबर असेल.

ज्या मंडळाचे आज ५८ ठरले, तिथल्या आपल्या भावांकडे त्या दिवसाची वही नाही. असती तर दुपारी आम्ही टेबलावर ठेवली असती. आता त्यांच्यासाठी एकच वाट उरते. यंत्र बंद होते याचा लेखी दाखला मागायचा आणि शेजारच्या कोणत्या केंद्रांवरून ५८ काढला ती यादी मागायची. माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहून तयार आहे, जाण्याआधी सह्या करा.

वह्या मागच्या टेबलावर आहेत, प्रत्येक गावाला एक. रकाने छापले आहेत. तारीख, वाचल्याची वेळ, मिलिमीटर, पाऊस कधी सुरू कधी बंद, वारा कोणत्या दिशेचा, दोन सह्या. वाऱ्याचा रकाना मुद्दाम ठेवला आहे, पाऊस फिरण्याआधी वारा फिरतो हे तुम्हीच आम्हाला शिकवले. पुढच्या जिल्हा बैठकीला वह्या घेऊनच या, कोऱ्या असल्या तरी आणा. सेवाग्रामवाल्यांनी जेवण दादरला जाऊन करू म्हणू नका, गर्दी असते. इथेच झुणका-भाकरी झाली आहे.